‘थो’ हे सर्वनाम की नाम?

उपशिक्षणाधिकारी श्री. रामटेके हे येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता शाळेतील संगणकाचा ‘शैक्षणिक उपयोग’ प्रत्यक्ष पाहतील, आणि तसा उपयोग आढळून न आल्यास यंत्र गडचिरोलीस हलविण्यात येईल, असे पत्र सोमवारी आले. पत्रात ‘प्रत्यक्ष’ हा शब्द ‘प्रत्येक्ष’ असा लिहिला होता. मी तो तांबड्या शाईने दुरुस्त केला आणि मगच घाबरलो.

घाबरण्यास कारण होते. वडशाच्या आमच्या शाळेत हे यंत्र १९८५ साली एका सरकारी योजनेतून आले. त्याचा शैक्षणिक उपयोग दोन वर्षांत कोणीही केला नव्हता. अशैक्षणिक उपयोग मात्र मी एकट्याने भरपूर केला होता. विज्ञानाच्या शिक्षकांनी यंत्रासमोर नारळ फोडला, खोलीला निळे पडदे लावले, चपला बाहेर काढण्याचा नियम केला, आणि विजेचा दाब कमीजास्त होऊन यंत्र जळाल्यास जबाबदार कोण, या प्रश्नावर सर्वांनी एकमताने माघार घेतली. ती खोली माझ्या वर्गाला लागून होती. मी मराठीचा शिक्षक असल्यामुळे माझ्या हातून यंत्र बिघडण्याची कोणाला भीती वाटली नाही, कारण मी ते सुरू करीन असेच कोणाला वाटले नव्हते. किल्ली माझ्याकडे आली.

यंत्राबरोबर ध्वनिफितींची एक पेटी होती. तीतील एका फितीवर एक इंग्रजी खेळ होता. त्यात चित्रे नव्हती, चेंडू नव्हता, गोळीबार नव्हता. होते ते केवळ गद्य. पडद्यावर वाक्य उमटे: तुम्ही एका ओसाड किल्ल्याच्या दारात उभे आहात. मग एक लुकलुकणारी रेघ तुमची वाट पाहत राही. तुम्ही ‘आत जा’ एवढे दोन शब्द लिहिलेत की किल्ला तुम्हाला आत घेई आणि पुढचे वाक्य सांगे. कादंबरीतला मूर्ख नायक अंधाऱ्या खोलीत एकटा शिरतो तेव्हा वाचकाला नुसते हात चोळत बसावे लागते. येथे तो मूर्खपणा ज्याचा त्याला करता येत होता. लेखकाने कर्ता आणि कर्म पुरवायचे, क्रियापद वाचकाने आणायचे. आणि मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने वाक्य पूर्ण करण्याचा अधिकारच वाचकाकडे जातो. गद्याच्या इतिहासात एवढा मोठा अधिकारबदल झालेला नाही, असे मी शिक्षकांच्या खोलीत सांगितले. भूमितीचे शिक्षक तेव्हा डबा खात होते. ते खातच राहिले.

त्या किल्ल्यातल्या एका दारासमोर मी पाच आठवडे उभा होतो. मी दाराला ‘उघड’ म्हणत होतो आणि यंत्राला ‘ढकल’ हे क्रियापद हवे होते. दुसरा एखादा चिडला असता. मला ते यंत्र पूज्य वाटू लागले. शब्द नेमका नसेल तर दार उघडत नाही, हे मी वर्गात बावीस वर्षे सांगत होतो. पण माझ्याकडे तसे दार नव्हते.

म्हणून मी स्वतःचा खेळ रचावयास घेतला. नाव ‘वनवाट’. एक माणूस रानातल्या गावाकडे पायी निघतो: नदी, मोहाचे झाड, वननाका, आणि शेवटी वाटेवर बसलेला वाघ. यंत्राला देवनागरी येत नव्हती, तेव्हा मराठी रोमन अक्षरांत लिहावी लागली. त्यात ‘घर’ आणि ‘घार’ एकच होई, आणि दार शोधणारा माणूस पक्ष्याच्या मागे लागे. दीर्घ स्वर दोनदा लिहिण्याचा नियम करून मी तो प्रश्न मिटवला. यंत्राची स्मृती इतकी तोकडी की एकेक अक्षराला जागा मोजून मिळे. पहिल्या मसुद्यात मी चांदण्याचे वर्णन अकरा ओळींत केले होते. ते अखेर ‘चांदणे आहे’ एवढेच उरले, आणि तेच अधिक चांगले आहे हे मला मान्य करावे लागले. माझ्या लेखनाचे इतके निर्दय संपादन दुसऱ्या कोणी केलेले नाही.

सर्वांत कठीण सर्वनाम. इंग्रजी खेळाला ‘ते’ म्हटलेले कळत होते. मग मराठीला तो, ती, ते ही तिन्ही लिंगे का कळू नयेत? संपूर्ण दिवाळीची सुट्टी घालवून मी नियम बसवला. खेळणाऱ्याने ‘त्याला’ असे लिहिले, तर त्याने स्वतः शेवटी लिहिलेले सजीवाचे पुल्लिंगी नाम घ्यावे. यंत्राने उच्चारलेले नाम धरू नये, कारण यंत्र पुष्कळ बोलते. नियम निर्दोष होता. त्यात मी एकच गोष्ट गृहीत धरली होती: वाघ दिसल्यावर माणूस ‘वाघ’ म्हणणारच.

आणि यंत्राला न कळणारा शब्द कोणी लिहिला, तर उत्तर मी असे ठेवले होते: ‘शुद्ध लिहावे.’

राहता राहिले संगीत. वाघाने वाट सोडली की अखेरीस एक धून वाजावी अशी माझी इच्छा होती. मधे कोठेही नाही. शब्द चालू असताना वाजणारे संगीत म्हणजे दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालणे होय, असे माझे मत आहे. बापूरावांचे मत उलट. बापूराव म्हणजे आमच्याकडच्या झाडीपट्टीच्या नाटकांत पेटी वाजवणारे, माझे जुने स्नेही आणि त्याहून जुने प्रतिस्पर्धी. हिवाळाभर गावोगावी नाटके, उरलेले वर्ष पेट्यांची दुरुस्ती. यंत्रात फीत भरण्यासाठी लागणारा टेपरेकॉर्डरही त्यांचाच होता.

फीत भरताना येणारी किरकिर त्यांनी प्रथम ऐकली तेव्हा ते म्हणाले, “नानाजी, हे गाऊन राह्यली का रडून राह्यली?”

“तो कार्यक्रम यंत्रात उतरतो आहे.”

“उतरू द्या. पन भाता फाटला असंल.”

तरी धून त्यांनीच बांधून दिली. मी ती स्वरांचे आकडे करून यंत्रात घातली. ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. “मींड कुठी गेली? हे तं शिडीवरून उतरल्यासारखं उतरते.”

“तुमची पेटी तरी कोठे मींड घेते?”

“पेटी नाई घेत. पन मी घेतल्यासारखं करतो. थे या डब्ब्याले शिकवा.”

या वादात त्यांची बाजू बळकट होती हे मी तेव्हा कबूल केले नाही.

‘वनवाट’ खेळणारे शाळेत एकच होते: शिपाई पोचूभाऊ. वय छप्पन्न, धानोऱ्याकडच्या रानातल्या गावचे, सातवी पास. आठवड्यातून एकदा गावी जात. मोटार सोडल्यावर पुढे सहा मैल पायी. मधल्या सुट्टीत ते चपला काढून, टोपी नीट करून यंत्रासमोर बसत आणि एका बोटाने अक्षरे शोधत. त्यांच्याइतका चांगला खेळाडू मी पाहिला नाही. मोहाच्या झाडाखाली इतर सर्वजण ‘फुले घे’ लिहितील. पोचूभाऊंनी आधी ‘वर पाहा’ लिहिले, कारण वर अस्वल असते. मी तेथे अस्वल ठेवलेच नव्हते; त्यांच्या सांगण्यावरून ठेवले.

मात्र फीत भरायला आठ मिनिटे लागत, सुट्टी पंचवीस मिनिटांची, आणि सुट्टी संपल्याची घंटा वाजवणे हे पोचूभाऊंचेच काम होते. त्यामुळे वर्षभरात ते नाक्याच्या पुढे कधीच पोहोचले नव्हते.

गुरुवारी रामटेके साहेब बरोबर अकरा वाजता आले. उंच, मितभाषी, इस्त्रीचा सदरा, आणि भाषा कार्यालयीन पण स्वच्छ. बापूराव रात्रीच्या नाटकाहून परस्पर आले होते, डोळे तांबडे, काखेत टेपरेकॉर्डर. त्यांनी ‘जयभीम’ घातला, साहेबांनी तितक्याच अगत्याने परत केला. सर्वांनी चपला काढल्या. साहेबांच्या एका मोज्याला भोक होते, हे मी पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

“या यंत्राने विद्यार्थ्यांस काय शिकविता?” साहेबांनी विचारले.

“नेमका शब्द योजण्यास,” मी म्हणालो. हे उत्तर मी तीन दिवस घडवले होते.

“दाखवा.”

मी फीत लावली. किरकिरीऐवजी एक बाई खणखणीत आवाजात नाटकातले गाणे म्हणू लागली. बापूरावांनी फीत उलटी दिली होती.

“हे शैक्षणिक आहे काय?” साहेबांनी विचारले.

“नाई साहेब, हे मागची बाजू,” बापूराव म्हणाले. “पन वाजू द्या न, कडवं संपते आता.”

साहेबांनी ते कडवे संपू दिले. त्यावरून मला थोडी आशा वाटली.

खेळ भरला गेल्यावर मी खुर्ची पुढे केली. साहेब यंत्राकडे पाहून अर्धे पाऊल मागे सरले. “मी कशाला? सामान्य माणसास हे जमते का, ते पाहू. तुम्ही बसा,” ते पोचूभाऊंना म्हणाले.

“साहेब, घंटा मारायची आहे.”

“घंटा आज मुख्याध्यापक मारतील.”

पोचूभाऊ बसले. नदी ओलांडली. अस्वलाला झाडावरच राहू दिले. नाक्यावर आले. पडद्यावर उमटले: ‘नाक्यावर साहेब बसले आहेत. ते परवाना मागतात.’ येथे चहा दिला की परवाना विसरला जातो. ही माझी स्वतःची युक्ती होती, आणि पाहुण्यासमोर ती अडचणीची ठरेल हे मला त्या क्षणापर्यंत सुचले नव्हते. पोचूभाऊंनी अक्षरे उच्चारत लिहिले: ‘साहेबाले चहा दे.’

‘शुद्ध लिहावे.’

रामटेके साहेबांची भुवई हलली. पोचूभाऊ सवयीने हसले, ‘ले’ पुसून ‘ला’ केले. पडद्यावरच्या साहेबांनी चहा घेतला, फाटक उघडले.

आणि मग, वर्षभरात प्रथमच, ते शेवटच्या वळणावर आले.

‘चांदणे आहे. वाटेवर वाघ बसला आहे.’

पोचूभाऊंनी टोपी काढली. पडद्याला हात जोडले.

उत्तर होते ‘वाघाला वाट दे’. भाला मारणारा मरतो, पळणारा मरतो. बाजूला होऊन वाट देणारा घरी पोहोचतो. रानात राहणाऱ्याला हे सांगावे लागणार नाही याची मला खात्री होती, आणि ती खरी ठरली. पोचूभाऊंनी लिहिले: ‘त्याले वाट दे.’

‘शुद्ध लिहावे.’

“काऊन?”

हा प्रश्न पोचूभाऊंनी विचारला नव्हता. तो रामटेके साहेबांनी विचारला होता, आणि त्यांचा आवाज अगदी वेगळा झाला होता. “काऊन? ‘त्याले’ म्हटलं तं काय बिघडलं? मी नागभीडचा आहे. माह्या घरी सारे त्याले-मले म्हणतात. मंग आमी सारे अशुद्ध?”

“तसे नव्हे, साहेब. प्रमाणभाषेचा प्रश्न आहे,” मी म्हणालो, आणि घाईने पोचूभाऊंकडे वळलो. “पोचूभाऊ, ‘वाघाला’ लिहा.”

“नाई, सर.”

“का?”

“आमी नाव नाई घेत. थो म्हणतो. थो बसला, थो गेला. बस.”

“अहो, हा यंत्रातला आहे!”

“यंत्रातला आहे, होय. पन मले आज गावाले जानं आहे, सर. सहा मैल रान. मी इथी नाव लिवीन आन तिथी थो ऐकन.”

बापूराव मागून म्हणाले, “बराबर आहे. आमच्या नाटकात एक जन त्याचं सोंग घेते. रंग लावताना त्यालेही आमी ‘थो’च म्हणतो. नाव घेतलं तं थो सोंगाचा माणूस भिऊन चहाही नाई पीत.”

“मग निदान ‘त्याला’ लिहा!” मी काकुळतीला येऊन म्हणालो. “ले नको, ला.”

पोचूभाऊंनी मान डोलावली. सर्वांसमक्ष, सावकाश, शुद्ध लिहिले: ‘त्याला वाट दे.’

माझ्या निर्दोष नियमाने आपले काम केले. खेळणाऱ्याने स्वतः लिहिलेले सजीवाचे शेवटचे पुल्लिंगी नाम शोधले. ते नाक्यावर होते. पडद्यावर अक्षरे उमटली:

‘तू साहेबांना वाट दिलीस. साहेब निघून गेले. वाघ तेथेच आहे.’

साहेबांनी ती तीनही वाक्ये वाचली. पहिल्यांदा मनात, मग ओठ हलवून.

“हे मला उद्देशून आहे?”

“मले काय माहीत, साहेब!” मी ओरडलो.

हे ‘मले’ माझे होते. वरोऱ्यात जन्मल्यापासून महाविद्यालयात जाईपर्यंत जे माझ्या तोंडी होते, आणि बावीस वर्षे ज्याला मी वर्गाच्या उंबऱ्याबाहेर ठेवले होते, ते चपला न काढता आत आले.

“काय म्हणाले?”

“मला. मला काय माहीत, असे म्हणालो.”

“नाई, नाई. पहिलं म्हणाले थेच चांगलं होतं,” साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा मला वाचता येईना.

पोचूभाऊंनी मला वाचवण्याचा प्रयत्न केला. “साहेब, थो नाक्यावरचा साहेब. चहा पिऊन परवाना सोडते थो. तुमी नाई.”

“मला अजून चहा मिळाला नाही,” रामटेके साहेब म्हणाले.

बापूराव प्रथम हसले. पेटीचा भाता सुटावा तसे हसले. मग साहेबांचे खांदे हलू लागले. मी मात्र हसू शकलो नाही. यंत्र आता शाळेतून गेलेच, असे मी धरून चाललो होतो. तो निळा पडदा, ती लुकलुकणारी रेघ, सारे गडचिरोलीच्या कोणत्या तरी कपाटात जाईल. मी सर्वनामाचा नियम समजावून सांगू लागलो, कारण बुडतानाही माणसाने आपला मुद्दा मांडलाच पाहिजे.

साहेबांनी तो शेवटपर्यंत ऐकला. “म्हणजे असं,” ते म्हणाले. “मोठं जनावर समोर बसून आहे. माणूस ‘थो’ म्हणते. अन् तुमच्या मशीनले वाटते, हा साहेबाबद्दल बोलून राह्यला.”

“व्याकरणदृष्ट्या…”

“व्याकरण राहू द्या. तुमाले काय वाटते? समोर थो असताना माणूस दुसऱ्या कोणाले ‘थो’ म्हणन का?”

मी पोचूभाऊंना उठण्याची खूण केली.

साहेब मग स्वतः खुर्चीवर बसले. विजेचा धक्का बसेल म्हणून की काय, रुमालात बोट गुंडाळून त्यांनी दोन-तीन कळा दाबल्या: ‘थो.’

‘शुद्ध लिहावे,’ यंत्र म्हणाले.

“चहा मागवा,” साहेब म्हणाले, “आणि कागद आणा.”

चहा घेत त्यांनी अहवाल लिहिला आणि पोचूभाऊंकडे दिला. पोचूभाऊंनी तो मोठ्याने वाचला: ‘प्रत्येक्ष पाहणीअंती असे आढळून आले की, सदर यंत्रास येथील भाषा अवगत नाही. त्यास शाळेची नितांत आवश्यकता आहे. तरी त्याचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्यास शाळेतून काढण्यात येऊ नये. मराठीच्या शिक्षकांनी त्यास शिकवावे. तीन महिन्यांनी परीक्षा घेण्यात येईल.’

‘प्रत्येक्ष’ मी ऐकले. लेखणी खिशात होती. हात खिशापर्यंत गेला आणि तेथेच थांबला.

त्यानंतरचे शनिवार मी यंत्राला शिकवण्यात घालवले. ‘ले’ आणि ‘ला’ दोन्ही चालतील, ‘नाही’ आणि ‘नाई’ दोन्ही कळतील. स्मृतीत जागा उरेना. चांदणे काढले तरी पुरेना. काय काढावे हे ठरवताना मी एक पूर्ण दुपार बसलो, आणि शेवटी ‘शुद्ध लिहावे’ काढले. त्या जागी पोचूभाऊंनी सुचवलेला एक शब्द ठेवला: ‘काऊन?’ तो अर्थाला अधिक नेमका आहे, आणि लांबीला अर्ध्याहून कमी.

प्रश्न उरला ‘थो’चा. सर्वनाम म्हणून घातला तर पुन्हा साहेबच निघून जातात. म्हणून मी त्याची नोंद नाम अशी केली: पुल्लिंगी, एकवचनी, विशेषनाम. नामाला विभक्ती लागते. मी ती रीतसर लावली आणि पोचूभाऊंना बोलावले.

“लिहा, ‘थोले वाट दे’.”

पोचूभाऊंनी माझ्याकडे दयेने पाहिले. “थोले असं कोणी म्हणते का, सर? थोचं ‘त्याले’ होते. हे अशुद्ध आहे.”

बापूरावांनी तोंड फिरवले. त्यांची पाठ मात्र हलत होती. मी ‘थोले’ खोडले. अखेर एक ओळ लिहिली, साहेबांनी रुमालातल्या बोटाने दाखवली होती तीच: थो समोर असेल, तर प्रत्येक ‘तो’ म्हणजे थोच. आणि मग यंत्रानेही नाव का घ्यावे, असे वाटून त्याच्या तोंडचे वाक्यही बदलले. पोचूभाऊंनी ‘त्याले वाट दे’ लिहिले. वाट मोकळी झाली. धून वाजली. ती अजूनही शिडीवरूनच उतरत होती, परंतु शेवटच्या दोन स्वरांमध्ये मी एक बारीकसा पाव स्वर चोरून घातला होता.

“हं,” बापूराव म्हणाले. “घेतल्यासारखी करून राह्यली.”

तीन महिन्यांनी परीक्षा व्हायची होती. तिच्या आदल्या दिवशी भूमितीचे शिक्षक प्रथमच त्या खोलीत आले. ते अमरावतीचे, इकडच्या बोलीला परके. नाक्यापर्यंत चुकतमाकत पोहोचले, पुढे गेले आणि थबकले.

“‘वाटेवर थो बसला आहे’,” त्यांनी मोठ्याने वाचले. “अहो नानाजी, थो म्हणजे कोण? वाक्य संदिग्ध आहे!”

मी उत्तर देण्यासाठी उठलो, कारण या विषयावर माझ्याकडे सविस्तर विवेचन तयार होते. पण दारात घंटेचा हातोडा घेऊन उभे असलेले पोचूभाऊ माझ्याआधी बोलले.

“हळू बोला, सर,” ते म्हणाले. “मले आज गावाले जानं आहे.”